जुन्या बाजारातली लाकडी बासरी

फेब्रुवारीतल्या एका रविवारी पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, गोणपाटावर मांडलेल्या पितळी समया, बंद पडलेले कॅमेरे आणि गंजलेल्या पकडी यांच्या गर्दीत मला चार काळे लाकडी तुकडे दिसले. त्यांतल्या एकाच्या अंगाला लंबगोल भोक होते. मी अकरा वर्षे बांबूची बासरी शिकत असल्यामुळे ते भोक फुंकण्याचे आणि तुकडे बासरीचे हे ओळखायला वेळ लागला नाही. विक्रेत्याच्या लेखी ती बँडवाल्यांची सनई होती. थोडी घासाघीस करून मी ते तुकडे २,२०० रुपयांना घेतले आणि पंच्यात गुंडाळून सदाशिव पेठेतल्या घरी आणले. ती बासरी वाजती व्हायला त्यानंतर सहा महिने लागले. त्या सहा महिन्यांत काय केले, काय करायला नको होते आणि का, हे मी सविस्तर लिहीत आहे, कारण अशी वाद्ये आपल्याकडे वाड्यांच्या माळ्यांवरून आणि जुन्या बँडवाल्यांच्या पेट्यांतून अजूनही निघतात आणि पुष्कळदा घाईच्या दुरुस्तीनेच कायमची जातात.

तुकडे जोडल्यावर सहा उघडी भोके आणि आठ चाव्या, म्हणजे बोटाने दाबायचे धातूचे खटके, असलेली बासरी तयार झाली. डोक्याच्या तुकड्याच्या आत पितळी नळी बसवलेली होती. म्यूनिकचा वादक थिओबाल्ड बोएम याने १८४७ साली सरळ दंडगोल नळीची नवी बासरी घडवली आणि आजची धातूची पाश्चात्त्य बासरी तिच्यावरून आली. माझ्या हातातली घडण त्याच्या आधीची, म्हणजे डोक्याचा भाग दंडगोल आणि तिथून शेपटापर्यंत आतली पोकळी निमुळती होत गेलेली. ही जुनी घडण बोएमनंतरही बराच काळ टिकली, आणि जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्खेन परिसरात कारागिराच्या मोहरेविना अशा कितीतरी बासऱ्या बनत असत.

सहाही भोके बंद केली की तिचा स्वर पांढरी दोनचा, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीचा, आणि वरची तीन बंद केली की पांढरी पाचचा. आपल्या बासरीवाल्यांच्या हिशेबाने ती पांढरी पाचची बासरी झाली. तीन बोटांवर षड्ज, सहा बोटांवर मंद्र पंचम, सगळी भोके उघडी टाकली की तीव्र मध्यम, अशी बोटांची रचना तंतोतंत आपलीच आहे. फरक आहे तो अर्ध्या भोकाच्या स्वरांचा. कोमल ऋषभ, कोमल गंधार, शुद्ध मध्यम, कोमल धैवत आणि कोमल निषाद आपण बोट किंचित सरकवून काढतो. इथे त्या प्रत्येकासाठी वेगळे भोक पाडून त्यावर चावी बसवलेली आहे. कोमल निषादाला दोन चाव्या आहेत, म्हणजे कुठल्याही स्वरावरून त्यावर येताना बोटांची ओढाताण होत नाही. उरलेल्या दोन चाव्या अगदी टोकाला, मंद्र पंचमाच्याही खाली उतरण्यासाठी आहेत. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी बांबूच्या लांब बासरीला जे सातवे भोक दिले ते मंद्रातल्या तीव्र मध्यमासाठी. तोच स्वर इथे शेपटावरची चावी दाबल्यावर मिळतो. हे ध्यानात आल्यापासून हे वाद्य मला परके वाटेनासे झाले.

मात्र आठ चाव्या म्हणजे हवा निसटण्याच्या आठ जागा, आणि त्यांशिवाय तीन सांधे, डोक्याचे टोक बंद करणारे एक बूच आणि डोक्याच्या तुकड्यावरची एक उभी चीर. पहिल्या दिवशी फुंकर मारली तेव्हा वरचे दोन स्वर कसेबसे बोलले. चौथे बोट ठेवल्यावर नुसता वारा. कोरडे लाकूड पाहून माझा हात तेलाच्या बाटलीकडे जात होता. गुरुजींना बासरी दाखवली तेव्हा त्यांनी ती उजेडाकडे धरून एका डोळ्याने आतून पाहिली आणि एवढेच म्हणाले, “तेल नंतर. हवा कुठून जाते ते आधी शोध.”

हवा शोधण्याची रीत सोपी आहे आणि तिला कुठलेही यंत्र लागत नाही. प्रत्येक तुकडा वेगळा घ्यायचा, त्याचे एक टोक रबरी बुचाने बंद करायचे, भोके बोटांनी झाकायची आणि दुसऱ्या टोकाने आतली हवा ओढून घेऊन ओठ तसेच टेकवून ठेवायचे. तुकडा घट्ट असला तर तो चार-पाच सेकंद ओठाला धरून राहतो. माझा वरचा मधला तुकडा क्षणभरही धरत नव्हता. मग मी हवा ओढत असताना माझ्या मुलीने एकेक चावी अंगठ्याने घट्ट दाबून धरली. कोमल ऋषभाची चावी दाबल्यावर पकड लगेच सुधारली, याचा अर्थ दोष लाकडात नसून त्या चावीखालच्या, भोक झाकणाऱ्या कातडी गादीत किंवा तिच्या स्प्रिंगमध्ये होता. अशा रीतीने एका संध्याकाळी वहीत सगळा हिशेब मांडला गेला: पाच गाद्या गेलेल्या, एक स्प्रिंग दमलेली, बूच सुकून सैल झालेले, दोन सांधे डगमगणारे आणि चीर. गळती जितकी वर असेल तितके तिच्या खालचे जास्त स्वर बिघडतात. खालचा स्वर येत नाही म्हणून खालचीच चावी उघडून बसण्यात अर्थ नसतो, हे त्या वहीमुळे नीट कळले.

सर्वांत जास्त वेळ गेला तो चिरेत. डोक्याच्या तुकड्याच्या वरच्या कड्यापासून निघून ती सुमारे सहा सेंटिमीटर खाली आली होती. मुखरंध्राला, म्हणजे फुंकायच्या भोकाला, तिने गाठले नव्हते, हे नशीब. फेब्रुवारीत ती केसाएवढी होती. तेव्हा शहरातल्या एका वाद्यदुरुस्ती करणाऱ्याकडे मी बासरी नेली. त्याने दहा मिनिटांत झटपट चिकटणारा गोंद भरला, वरून घासून चकचकीत केली आणि ३०० रुपये घेतले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, खोलीतला आर्द्रतामापक दुपारी २४ टक्के दाखवत असताना, त्या गोंदाच्या अगदी शेजारून लाकूड पुन्हा फाटले, आणि या वेळी पोस्टकार्डाची कड आत जाईल इतके. मला त्या माणसाचा राग आला, पण त्याहून अधिक स्वतःचा आला, कारण चीर का पडली हे मी त्याला विचारले नव्हते आणि स्वतःही शोधले नव्हते.

लाकूड ओल शोषते तेव्हा रुंदीत फुगते आणि कोरडे पडते तेव्हा रुंदीतच आक्रसते. लांबीत त्याला जवळजवळ फरक पडत नाही. त्यातही वलयांच्या कडेकडेने होणारे आकुंचन गाभ्याच्या दिशेने होणाऱ्या आकुंचनापेक्षा बरेच जास्त असते, त्यामुळे गोल कातलेली नळी काही वर्षांत किंचित लंबगोल होते आणि तिच्यावरची धातूची कडी सैल पडतात. नुसती लाकडी नळी हे सारे सोसते. डोक्याच्या तुकड्यात मात्र स्वर वरखाली जुळवता यावा म्हणून पितळी नळी असते. लाकूड चारी बाजूंनी आत येऊ पाहते, पितळ जागचे हलत नाही, आणि शेवटी लाकूड उभे फाटते. पुण्यात हे दर वर्षी घडण्यासारखे आहे, कारण एप्रिल-मेच्या दुपारी ओठ फुटतील इतकी कोरडी असलेली हवा जुलैत कपाटातल्या चपलांना बुरशी आणते. तेव्हा आतली नळी तशीच ठेवून बाहेरून चीर भरणे म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात नव्या जागी चीर पाडण्याची तजवीज करणे होय.

कसबा पेठेत लाकूड कातणारे एक वयस्कर कारागीर आहेत. पाळण्याच्या खुंट्यांपासून जिन्याच्या कठड्यांपर्यंत सगळे करतात. त्यांनी आधी तुकड्याचा वास घेतला, नखाने आतून एक कपची काढून पाण्याच्या वाटीत टाकली, आणि ती तळाला गेलेली पाहून म्हणाले, “शिसवाचाच भाऊबंद आहे, पण आपल्याकडचा नाही.” त्यांचे निदान बरोबर होते. आफ्रिकन ब्लॅकवुड आणि आपला शिसव ही दोन्ही झाडे डालबर्जिया या एकाच प्रजातिगटातली. जुनी पितळी नळी आत लाखेने बसवलेली असते हे मी वाचले होते, म्हणून ती ठोकून काढायला मी नको म्हणालो. त्यांनी एक लोखंडी सळई चटका बसेल इतपतच तापवली, पितळी नळीत धरली, लाख मऊ पडण्याची वाट पाहिली आणि लाकडी दांड्याने नळी हळूहळू बाहेर ढकलली. तिच्या टोकाला पडलेला चेपा तांबट आळीत एका कारागिराने गोल पट्टीवर घेऊन काढून दिला. मग दांड्याला सँडपेपर गुंडाळून डोक्याच्या तुकड्याची पोकळी आतून अगदी थोडी मोठी केली, इतकी की नळी बोटाने सरकेल पण खुळखुळणार नाही. हे करताना निघालेला जांभळट काळा भुसा मी एका डबीत राखून ठेवला. या जातीच्या लाकडाचा भुसा नाकाला आणि कातडीला सोसत नाही, म्हणून तोंडाला मास्क बांधूनच हे काम करावे.

यानंतर चीर मिटवायची होती, आणि ती शिकंजात दाबून मिटवू नये अशी माझी ठाम समजूत झाली आहे. दाबून मिटवलेली चीर कायम ओढीखाली राहते. मी तो तुकडा झाकणाच्या मोठ्या डब्यात ठेवला, शेजारी वाटीत ओला स्पंज ठेवला, पाण्याचा थेंबही लाकडाला लागणार नाही असे पाहिले, आणि डब्यातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास राखली. चौथ्या दिवशी पोस्टकार्डाची कड आत जाईनाशी झाली. बाराव्या दिवशी चीर बोटाला लागत होती, डोळ्यांना दिसत नव्हती. जुना गोंद अॅसिटोनने मऊ करून टाचणीने खरवडून काढला, डबीतला भुसा चिरेत दाबून बसवला, वर पातळ सायनोअॅक्रिलेटचे, म्हणजे झटपट चिकटणाऱ्या गोंदाचे, थेंब सोडले आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी हलक्या हाताने भोवती गुंडाळून रात्रभर ठेवला. पोकळी घासणे सोडले तर या साऱ्या दुरुस्तीत हे एकच काम असे होते जे पुन्हा उलटवता येणार नाही. लाख तापवली की सुटते, दोरा उलगडता येतो, कातडे बदलता येते. भुशाशी एकजीव झालेला चिरेतला गोंद तसा सहज निघत नाही. म्हणून तिथे हात घालण्यापूर्वी मी बरेच दिवस थांबलो होतो आणि ते थांबणे योग्यच होते.

पितळी नळी परत बसवताना तिच्यातले भोक आणि लाकडातले मुखरंध्र अचूक एकावर एक यावे लागते. लाख गरम आहे तेवढ्या अवधीत, जेमतेम अर्ध्या मिनिटात, हे साधायचे असते. पहिल्या खेपेला पितळेची कड मुखरंध्राच्या आत चंद्रकोरीसारखी डोकावत राहिली. सळई पुन्हा तापवली, पुन्हा फिरवले, आणि दुसऱ्या खेपेला कड दिसेनाशी झाली. लाख फक्त मुखरंध्राभोवती आणि दोन्ही टोकांना लावली; मधल्या भागात लाकडाला आक्रसायला जागा ठेवली.

बुचाचे काम त्या मानाने लहान, पण त्याने सगळ्या सप्तकांचा मेळ ठरतो. प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातून आणलेले बूच सँडपेपरवर लोळवून बारीक केले, त्याला थोडे मेण चोळले आणि मुखरंध्राच्या मध्यापासून १९ मिलिमीटरवर बसवले. ते फार मागे गेले तर तार सप्तकातले स्वर उतरतात, फार पुढे आले तर चढतात. बांबूच्या बासरीतले बूचही हेच काम करते, फक्त तिथे ते आपण सहसा हलवत नाही.

गाद्यांसाठी मी नारायण पेठेत हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेलो. पेटीच्या सुरांखाली जे मऊ मेंढीचे कातडे आणि फेल्ट वापरतात तेच इथे चालते. पहिली गादी मी घरी करून नेली होती. काकांनी ती चावी दोन-तीनदा उघडमीट केली. “अहो, फार जाड झाली ही,” ते म्हणाले. “चावी मिटताना मागची कड आधी टेकतेय, पुढची उघडीच राहते. फेल्ट निम्मे करा आणि लाख गरम असतानाच तिला तिची जागा घेऊ द्या.” त्यांनी सांगितले तसे केले: चावीची वाटी स्पिरिटच्या दिव्यावर धरून तीत चपडी लाखेचा तुकडा वितळवला, गादी ठेवली, चावी मिटवली आणि लाख गार होईपर्यंत दोऱ्याने अलगद बांधून ठेवली. नंतर सिगारेटच्या कागदाची बारीक पट्टी गादीखाली चारी बाजूंनी घालून ओढून पाहिली. जिथे पट्टी अडखळत नाही तिथून हवा जाते. कोमल धैवताच्या चावीसाठी हा प्रकार मला सात वेळा करावा लागला. दमलेली पितळी स्प्रिंग मात्र बदलावी लागली नाही. बोटांमध्ये धरून तिला कमानीसारखा थोडा बाक दिला आणि ती पूर्ववत झाली.

सांध्यांवर दोरा गुंडाळताना माझ्या हातून एक खरी चूक झाली. खोबणीत घट्ट बसावे म्हणून मी नायलॉनचा दोरा ओढून ओढून गुंडाळला आणि महिनाभर तसाच ठेवला. नंतर मोजले तेव्हा त्या टोकाचा आतला व्यास आधीच्या नोंदीपेक्षा ०.२ मिलिमीटरने कमी भरला. ताणलेला दोरा शेकडो वेढ्यांनी लाकडाला आवळतो आणि नळीचे तोंड मिटत आणतो, आणि त्या भागाशी जोडलेले स्वर घोगरे होतात. तो सगळा दोरा काढून टाकला. आता मधमाशांच्या मेणातून ओढलेला सुती दोरा, पहिला थर खाचांत, पुढचे थर सैल हाताने, अशा रीतीने गुंडाळला आहे. सांधा फिरवत फिरवत आत जावा आणि बासरी आडवी धरल्यावर डगमगू नये, एवढेच पुरे.

तेलाची पाळी जूनमध्ये आली. लाकडी घाण्यावरचे कच्चे जवसाचे तेल आणले. रंगाच्या दुकानातले उकळलेले तेल घेऊ नये, कारण त्यात ते लवकर वाळावे म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात आणि हे वाद्य ओठाला लागते. चाव्या काढून ठेवल्या, जुन्या धोतराचा तुकडा काठीला बांधून तेलात बुडवून पिळला आणि आतून एक हात फिरवला. रात्रभर ठेवून सकाळी कोरड्या कापडाने जास्तीचे तेल पुसून घेतले. गादीला तेल लागले तर कातडे कडक होते, म्हणून चाव्या दोन दिवसांनी बसवल्या. इथे एक सूचना आवर्जून करतो: जवसाच्या तेलाचे बोळे चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नयेत. ते तेल हवेशी संयोग पावताना उष्णता निर्माण करते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. मी ते पाण्यात भिजवून, पसरून गच्चीवर वाळवतो आणि मग टाकतो. खोबरेल तेल पुष्कळांनी सुचवले. ते वाळत नाही आणि थंडीत नळीत थिजते, म्हणून मी ते वापरले नाही.

बासरी जुळल्यावर लगेच तासन्‌तास वाजवायची नसते. बरीच वर्षे कोरड्या पडलेल्या लाकडाला आतून श्वासाची वाफ मिळते आणि बाहेरून मिळत नाही. आतला भाग फुगू लागला की बाहेरचा फाटतो. पहिल्या आठवड्यात मी रोज दहा मिनिटेच वाजवले, नंतर दर चार दिवसांनी पाच मिनिटे वाढवली. प्रत्येक वेळी वाजवून झाले की सांधे सोडून धोतराच्या कापडाने आतून पुसतो. पितळी नळीवर पाणी साचते ते मुखरंध्राच्या कडेला येते, तिथे बोटाने पुसू नये, कापडाचे टोक लावावे. त्या कडेवर सगळा आवाज अवलंबून आहे.

जुलैच्या मध्यावर पाऊस लागला तेव्हा वरचा सांधा निघेना. पहिल्यांदा भीती वाटली. मग बासरी पंख्याच्या हवेपासून दूर ठेवून दुसऱ्या दिवशी दोन्ही हातांनी हळूहळू फिरवत सोडवली आणि दोऱ्याचे तीन वेढे काढले. काढलेला दोरा त्याच डबीत भुशाशेजारी ठेवला आहे, कारण दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तोच परत गुंडाळायचा आहे. चीर अजून बोटाला लागत नाही. तिची खरी परीक्षा पुढच्या एप्रिलमध्ये.

गेल्या गुरुवारी गुरुजींकडे गेलो आणि तानपुरा पांढरी पाचला लावून यमन वाजवला. मंद्र पंचमावरून खाली उतरून शेपटावरची चावी दाबली, आणि तीव्र मध्यम पूर्ण भरीव आला. गुरुजींनी हात पुढे केला, बासरी घेतली, तोच स्वर स्वतः तीन वेळा लावून पाहिला आणि मग अगदी टोकाची, मंद्र शुद्ध मध्यमाची चावी दाबली. तिथे हवा निसटली. “ही गादी राहिलीय,” ते म्हणाले. ती गादी मी या रविवारी करणार आहे.